रस्त्याच्या कामाची फाइल कशी तपासावी: पुण्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

भ्रष्टाचाराविरुद्ध काम करायला आलेली बरीच तरुण मंडळी थेट आरोपापासून सुरुवात करतात आणि महिन्याभरात थकतात. नागरिकांच्या गटाचा वचक कागद नीट वाचण्यातून बसतो. म्हणून आधी एकच काम धरा: आपल्याच प्रभागातला, नुकताच काँक्रीट झालेला गल्लीतला रस्ता.

त्या कामाची कागदपत्रं माहिती अधिकार कायद्याखाली मागायची. अर्ज जोडपत्र 'अ' (ठरलेला नमुना) मध्ये करा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. काम क्षेत्रीय कार्यालयाचं आहे की पथ विभागाचं, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज कलम ६(३) नुसार ५ दिवसांत वर्ग व्हायला हवा, पण तो तिथेच पडून राहू शकतो. 'काम निकृष्ट का झालं?' असं विचारलंत तर अर्ज हमखास परत येतो, कारण नोंदीत असलेलाच कागद मिळतो. तेव्हा नाव घेऊन मागा: कार्यारंभ आदेश, शेड्यूल बी (कामाच्या बाबी, परिमाणं आणि दरांची यादी), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही), अंतिम बिल, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे) अहवाल. आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

प्रतींच्या आधी फाइलचं अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून ती पाहणं, मागा. प्रत २ रुपये पान; 'सर्व कामांची सर्व कागदपत्रं' मागितली की भलंमोठं बिल हातात पडतं, नाहीतर कलम ७(९), म्हणजे 'एवढी माहिती देण्यात कार्यालयाची साधनं प्रमाणाबाहेर खर्ची पडतील' हे कारण, पुढे केलं जातं. अवलोकनात पान क्रमांक टिपा, तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती घ्या. दर सोमवारी ३ ते ५ अर्जाविना अवलोकनाची सोय पुणे महापालिकेत होती आणि २०१८ च्या शासन परिपत्रकाने ती राज्यभर नेली. ती सध्या चालू आहे का, हे जाण्याआधी विचारा. बंद असली तरी कायद्यातला अवलोकनाचा हक्क कायम आहे.

मुख्य तपासणी मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एमबीची. समजा, नोंद आहे १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड: ६० घनमीटर. जागेवर टेप लावल्यावर रुंदी ३.५ मीटर भरली, तर काँक्रीट होतं ५२.५ घनमीटर. साडेसात घनमीटरचे पैसे न केलेल्या कामाचे गेले. रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा, टेपसकट फोटो काढा. जाडी वरून दिसत नाही. त्यासाठी कलम २(ञ) खाली साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, याची खंत वाटते.

३० दिवसांत उत्तर नाही, म्हणजे नकार. त्यापुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. बरीच चांगली प्रकरणं इथेच, तारीख चुकल्यामुळे मरतात.

एकट्याने लढू नका. जमिनीचे गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. अर्ज वेगवेगळ्या सदस्यांच्या नावे टाका आणि कागदांचे संच दोन-तीन घरी ठेवा. तफावत पक्की झाली की आयुक्त आणि दक्षता विभागाला लेखी तक्रार द्या, त्यात एमबीचं पान आणि मोजणीची तारीख लिहा. कुणी लाच मागितली असेल तर मात्र हा रस्ता नाही. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा.