नवे लॉन आणि नवी झाडे : पहिल्या तीन महिन्यांची निगा

लॉन अंथरून आणि झाडे लावून कंत्राटदाराची माणसे निघून गेली, की बाग तयार झाली असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी बागेतील एकाही मुळाचा आपल्या जमिनीशी संबंध आलेला नसतो. लॉनचा तुकडा सोबत आलेल्या मातीच्या पातळ थरावर तग धरून असतो आणि झाड पिशवीतल्या मातीच्या गड्ड्यावर. म्हणून या काळात पाणी किती घातले हे मोजत बसण्यापेक्षा ते कुठवर पोहोचले हे पाहावे.

लॉनला पहिले पाणी अंथरल्या दिवशीच, भरपूर द्यावे. अर्ध्या तासाने एखाद्या तुकड्याचा कोपरा अलगद उचलून खालच्या मातीत बोट खुपसावे. तीन-चार इंचांपर्यंत ओल लागली नाही, तर पाणी वरच्या वर जिरले असे समजावे. दोन तुकड्यांमधले सांधे आणि फरशीलगतच्या कडा सर्वांत आधी सुकतात, तेव्हा तेथे पाईप जरा जास्त वेळ धरावा. उन्हाळ्यात पहिले आठ-दहा दिवस पहाटे व दुपारी चारच्या सुमारास असे दोनदा पाणी लागते. रात्रीच्या तोंडावर पाणी देणे टाळावे, कारण पाती रात्रभर ओली राहून बुरशीला वाव मिळतो. साधारण दोन आठवड्यांनी गवत चिमटीत धरून हलकेच ओढावे. तुकडा जागचा हलला नाही, म्हणजे मूळ धरले. त्यानंतर पाणी दिवसाआड आणि पुढे दोन-तीन दिवसांनी, पण प्रत्येक वेळी खोलवर द्यावे, कारण रोजच्या शिंतोड्यांची सवय लागलेली मुळे वरच घुटमळतात आणि पाण्याचा एक दिवस चुकला तरी गवत पिवळे पडते. मूळ धरेपर्यंत लॉनवर खुर्च्या टाकू नयेत आणि मुलांनाही खेळू देऊ नये.

झाडांच्या बाबतीत खरी अडचण मातीच्या गड्ड्याची असते. पुण्याजवळच्या उरुळी कांचन परिसरातल्या काय किंवा अन्य ठिकाणच्या काय, आपल्याकडील नर्सऱ्यांत शोभेची पुष्कळ झाडे आंध्र प्रदेशातील कडियमहून ट्रकने येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गड्डा असतो. हा गड्डा एकदा वाळला, की भोवतालची काळी माती चिंब असली तरी आतून कोरडाच राहतो. बुंध्याभोवतीचे आळे पाण्याने तुडुंब दिसते आणि झाड मात्र तहानलेले असते. यासाठी पाण्याची धार अगदी बारीक करून पाईप बुंध्यापासून चार बोटे अंतरावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि नंतर बारीक सळई गड्ड्यात खुपसून पाहावी. ती कोरडी निघाल्यास गड्ड्याच्या कडेने तीन-चार भोके पाडून पुन्हा पाणी सोडावे. महिन्याभराने आळे बाहेरच्या बाजूला वाढवावे, म्हणजे मुळेही त्या दिशेने सरकतात. आळ्यात वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे दोन-तीन इंच आच्छादन करावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. घाईच्या कामात काही वेळा पिशवी पूर्ण न काढता नुसती चिरून झाड खड्ड्यात बसवले जाते, त्यामुळे एखाद्या झाडाची कड उकरून खात्री करून घेतलेली बरी.

लावणीनंतर जास्वंद, अनंत यांसारख्या झाडांची काही पाने गळाली तर घाबरून खत किंवा टॉनिक घालू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे आणि त्याला फक्त वेळ हवा आहे. दुपारी माना टाकणारी आणि संध्याकाळी टवटवीत होणारी पाने उन्हाने दमलेली असतात. सकाळीही ती मलूल असतील, तर माती तपासावी, कारण कोरडेपणाने आणि अतिपाण्याने झाड सारखेच कोमेजते. भारी काळ्या जमिनीतला खड्डा पावसाळ्यात बादलीसारखा भरून राहतो. अशा ठिकाणी आळे मोडून बाहेर निघणारी चारी काढावी.

गवत तीन इंचांच्या आसपास वाढले, की जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना धारदार पात्याच्या यंत्राने पहिली कापणी करावी आणि उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. त्यानंतर चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया कोरड्या पात्यांवर सारखा फेकून लगेच पाणी द्यावे. झाडांना दोन महिने तरी रासायनिक खत देऊ नये. लव्हाळा हे तण वरून ओरबाडल्याने हटत नाही. खुरप्याने खालची गाठ काढावी लागते.

अर्धवट कुजलेले शेणखत वापरले असल्यास पावसाळ्यात हुमणीकडे, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीकडे, लक्ष ठेवावे. पाणी असूनही लॉनवर पिवळे चट्टे पडले आणि मूळ धरलेले गवत पुन्हा सहज उचलले जाऊ लागले, तर खालची माती खणावी. तपकिरी डोक्याच्या, अर्धवर्तुळाकार वळलेल्या पांढरट अळ्या दिसल्यास त्या वेचून नष्ट कराव्यात आणि जमीन ओलसर असताना मेटारायझियम हे बुरशीजन्य कीडनाशक पाकिटावरील प्रमाणात मिसळून मुळांशी ओतावे.