तळघरात ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावायच्या आधी

भूसा आणि स्पॉन (मशरूमचं बियाणं) नंतर आणा, आधी रिकामी खोली आठवडाभर चालवून बघा, हे मी मार खाऊन शिकलोय. इथे ग्वाल्हेरला लश्कर भागात आमच्या जुन्या वाड्याचं तळघर आहे, दहा बाय बारा, उंची नऊ फूट. मागच्या एप्रिलात लू आत येईल म्हणून झरोका गच्च बंद केला आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर ४५० पीपीएम (दहा लाखांत ४५० भाग) दाखवतोय म्हणून मी खूश. आल्या काय तर वीतभर दांड्या आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी, आजी म्हणाली कांद्याची पात लावलीयस का रे. कार्बन डायऑक्साइड वाढला की ढिंगरी अश्शीच लांबते.

तर पहिलं काम मीटर. एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा) सेन्सरवालाच घ्या, बरेच स्वस्त मीटर हवेतल्या इतर वायूंवरून नुसता अंदाज मारतात. गच्चीवर नेऊन अर्धा तास ठेवा, ४२०-४३० च्या आसपास आला पाहिजे. आणि त्यातलं ऑटो कॅलिब्रेशन बंद करा, कारण ते काही दिवसांतलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजेच ताजी हवा असं धरतं आणि बंद तळघरात ताजी हवा येतच नाही, माझा ४५० तिथूनच आला होता. ह्युमिडिटी मीटरही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू देऊ नका), मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. माझा ६८ दाखवत होता, मग काय, सात मिळवून वाचतो.

मग पंखा. भूशात बुरशीचं पांढरं जाळं पसरेपर्यंत, म्हणजे स्पॉन रनमध्ये, सीओटू कितीही चढला तरी फारसं बिघडत नाही, उलट तेव्हा भूशाच्या बॅगेच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन डिग्री जास्त असतं त्याची काळजी करा. पिनहेड, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, दिसायला लागले की मात्र १००० च्या खालीच ठेवायचं. एक्झॉस्ट जमिनीपासून फूटभरावर लावा, हवा यायची वाट समोरच्या भिंतीत वर, तिला बारीक जाळी, नाहीतर माशा. आमची खोली १०८० घनफूट, पंखा २०० सीएफएमचा (मिनिटाला २०० घनफूट हवा), कागदावर साडेपाच मिनिटांत हवा बदलते, जाळीमुळे खरं तर जास्त लागतात. टायमर लावा आणि जास्तीची हवा पहाटे घ्या, दुपारी आत ओढलेली हवा म्हणजे भट्टी.

कूलिंगचं गणित आपल्याकडे उलटं आहे. मे महिन्यात ४३ डिग्री आणि १५ टक्के दमट असेल तर साधा खसचा कूलर २७ पर्यंत आणतो, वर ओलावा फुकट! ऑगस्टमध्ये हवाच दमट, तोच कूलर नुसता हवा ढकलतो, तेव्हा दुधी मशरूम लावा, त्याला ३०-३५ चालतं. एसी लावणार असाल तर लक्षात ठेवा की तो खोलीतलं पाणी नळीतून बाहेर काढत राहतो आणि तुम्हाला ८०-८५ टक्के दमटपणा लागतो, म्हणजे फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारं यंत्र) आलाच. फॉगरला बोअरचं पाणी घालू नका, सगळीकडे पांढरी भुकटी बसते, तिघरा धरणाचं नळाला येणारं बरं, आरओचं त्याहून बरं. आणि टोप्यांवर पाणी साचू देऊ नका, तपकिरी डाग पडतात. बटण मशरूमच्या नादी लागून एसी लावू नका, त्याला लागणारे १५-१८ डिग्री आपल्याला डिसेंबर-जानेवारीत आपोआप मिळतात.

लाइट जातेच, तेव्हा इन्व्हर्टरवर फक्त एक्झॉस्ट आणि टायमर घ्या, कूलर राहू दे.

मास्कही आधीच आणून ठेवा. टोपीची कड वर वळली की बीजाणू धुरासारखे उडतात, मी पहिल्या तोडणीला तसाच घुसलो आणि रात्रभर खोकत बसलो.