एमबीएनंतर परदेशात कन्सल्टिंग: बेळगाव सोडण्याआधी काय करायचं

कन्सल्टिंग म्हणजे कंपन्यांना त्यांच्या धंद्याच्या अडचणींवर सल्ला देण्याची नोकरी. त्यासाठी परदेशातल्या बिझनेस स्कूलचं प्रवेशपत्र हातात पडलं की घरात आधी कर्जाची धावपळ सुरू होते. त्याआधी एक संध्याकाळ काढा आणि दहावीचं मार्क्स कार्ड, पदवी, पॅन, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नाव वाचा. आपल्या सीमाभागात दहावीच्या कार्डावर बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं आणि आडनाव असतं, पदवीवर वडिलांचं नाव मधे येतं, आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरताना स्पेलिंग तिसरंच होतं. पुढे व्हिसा, बँक आणि कंपनीची कागदपत्रं तपासणी करणारी संस्था हे तिघेही पासपोर्टवरचं नावच खरं धरतात. म्हणून बहुतेक कागदांवर जे नाव आहे तेच पासपोर्टवर आणा आणि उरलेले कागद त्याला जुळवून घ्या. नोटरीचं ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र सगळीकडे चालत नाही. विद्यापीठातून दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज लवकर टाका.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. तो रिकामा असला तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं. मग बँक खात्यापासून पगारापर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासे देत बसावं लागतं. जन्मस्थळाची काळजी मात्र कमी करा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरं नाव असणं साहजिक आहे. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टमध्ये आहे तसंच लिहा.

कर्जासाठी तारण द्यायचं असेल तर हेही आधी कळायला हवं: शेतीचा उतारा बँका शैक्षणिक कर्जाला सहसा घेत नाहीत. गावठाणातलं घर चालू शकतं, पण त्याला ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायत हद्दीतल्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११ लागतात. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा नोंद, मग सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. खानापूर, चिकोडीकडची बरीच प्रकरणं इथेच अडकतात, मुलाच्या गुणांमुळे नव्हे.

देश निवडताना शिक्षणानंतर काम करायला किती मुदत मिळते ते आधी पाहा. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षण झालं की १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, मिळते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने. अनेक एमबीए आता त्या गटात आहेत, पण सगळे नाहीत, म्हणून कॉलेजकडून लेखी विचारा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या दरवर्षीच्या निवडीत एकदा नाव घालणं की तीनदा, इतका मोठा आहे. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा आहे, आणि १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होईल. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तिथला ग्राहक जर्मनमध्ये बोलतो. नुसत्या इंग्रजीवर तिथल्या कार्यालयात शिरणं फार अवघड. दुबईत कंपनीच व्हिसा काढते. मात्र संयुक्त अरब अमिरात अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालण्याचा करार) नाही, त्यामुळे पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि त्यानंतर त्यांच्या दूतावासाचा, दोन्ही लागतात. हे नियम बदलत असतात. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून नको.

भरतीचं वेळापत्रक अनेकांना उशिरा कळतं. अमेरिकेत दोन वर्षांचं एमबीए ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंपन्या कॅम्पसवर येतात आणि उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती जानेवारीच्या आसपास होतात. पक्क्या नोकऱ्यांचा मोठा वाटा त्या इंटर्नशिपमधूनच जातो. म्हणजे विमानातून उतरल्यापासून चार-पाच महिन्यांत मुलाखत. तिथे पोचून तयारी सुरू करू म्हणणारा उशीर करून बसतो. युरोपातल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमांत तर बऱ्याच ठिकाणी इंटर्नशिपच नसते.

मुलाखतीत ‘केस’ विचारतात: एका धंद्याची अडचण सांगायची आणि ती मोठ्याने विचार करत सोडवायची. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत मुलाखत घेणारा केस पुढे नेतो, बीसीजी आणि बेन या तिच्या स्पर्धक कंपन्यांत बहुधा तुम्हालाच न्यावी लागते. सरावाला परदेशी उदाहरणंच हवीत असं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतली एक फाउंड्री (धातू ओतण्याचा कारखाना) घ्या. समजा, महिन्याला २०० टन ओतकाम होतं, दर किलोला ११० रुपये, आणि रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, ४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेलं. नफा का घटला?

घाईत असलेला उमेदवार म्हणतो, १० टन जास्त वाया गेले, म्हणजे ११ लाखांचं नुकसान. पण नाकारलेला माल पुन्हा भट्टीत जातो. त्या लोखंडाची किंमत किलोला ४० रुपये धरली तर ४ लाख परत मिळतात आणि खरं नुकसान ७ लाखांचं. बुडाली ती वीज, वाळू, मजुरी आणि सुटलेला नफा. इथवर आलात की पुढचा प्रश्न स्वतःच विचारा: रिजेक्शन एक-दोन पार्टवरच आहे की सगळ्यांवर? मोजक्या पार्टवर असेल तर पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) किंवा कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) तपासायचा. सगळीकडे असेल तर वाळूतला ओलावा, ओतण्याचं तापमान, धातूची प्रत. कारणं अशी एकमेकांत न मिसळता मांडता येणं हीच परीक्षा आहे. निपाणीची तंबाखू, चिकोडीकडचे साखर कारखाने, शहापूरचे माग, प्रत्येकावर अशा दोन केस तयार होतील. एकूण ३० तरी जोडीदाराबरोबर, मोठ्याने, घड्याळ लावून करा. मनात सोडवलेली केस मोजू नका.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांची चूक बहुतेक वेळा आकड्यांत होते. डोक्यात लाख-कोटी असतात, तोंडातून मिलियन निघतं आणि मधे एक शून्य गळतं. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. पेपरमधला प्रत्येक मोठा आकडा महिनाभर असा उलटवून म्हणा.

बायोडेटा एका पानाचा ठेवा, अमेरिका आणि ब्रिटनसाठी फोटो, जन्मतारीख, धर्म काहीही नको. वडिलांच्या दुकानात केलेलं काम लिहायला लाजू नका, पण ‘मदत केली’ असं नको. उधारी किती दिवसांवरून किती दिवसांवर आणली, ते लिहा. माजी विद्यार्थ्यांना पाच-सहा ओळींचा निरोप पाठवून २० मिनिटं मागा. आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे दोन, हिवाळ्यात एक.

ऑफर आली की तारखा मोजा. ओपीटी सुरू होण्याची तारीख अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतच ठेवता येते आणि त्यानंतर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मेच्या मध्यावर शिक्षण संपलं तर ही मर्यादा ऑक्टोबरच्या मध्यावर येते. काही कार्यालयं मात्र रुजू होण्याची तारीख जानेवारी देतात. सही करण्याआधीच ती अलीकडे आणून लेखी घ्या, आणि नोकरी लवकर सोडल्यास सायनिंग बोनस (रुजू होताना मिळणारी जादा रक्कम) परत करावा लागेल का तेही त्याच वेळी वाचून घ्या.