निकालानंतर ‘लोकांनी नाकारलं’ म्हणण्याआधी: पक्ष नेमका का आपटला ते कसं शोधायचं

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकाकडे कारण तयार असतं. महागाई, भ्रष्टाचार, नेत्याचा माज, चुकलेली युती, नाहीतर मग “लोकांना बदल हवा होता”. गंमत म्हणजे तोच पक्ष जिंकला असता तर हीच माणसं तितक्याच ठामपणे उलटं कारण सांगत बसली असती. मी पण ह्यातलाच होतो, मग एकदा वैतागून आकडे घेऊन बसलो तेव्हा कळलं की “जनतेने नाकारलं” ह्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय कारण शोधायला गेलं की हमखास फसायला होतं.

सामान फार लागत नाही. ह्या वेळचा आणि मागच्या वेळचा निकाल, मतांच्या आकड्यांसकट, एक स्प्रेडशीट किंवा साधी वही, आणि एक निवांत संध्याकाळ.

पायरी १: जागांचा कॉलम झाका

खरंच झाका, हात ठेवा त्याच्यावर. फक्त मतं बघा, एकूण किती आणि टक्के किती.

कॅनडाची १९९३ ची निवडणूक घ्या. सत्तेत असलेला प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष, १९८८ ला १६९ जागा जिंकलेला, तो थेट २ वर आला, पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या मतदारसंघात पडल्या. आता मतं बघा. ह्या पक्षाला २१ लाखांच्या वर मतं होती, म्हणजे १६ टक्के. आणि ब्लॉक केबेक्वा ह्या पक्षाला साडेअठरा लाखांच्या आसपास मतं, जागा मात्र ५४! कारण ब्लॉकची सगळी मतं एकट्या क्युबेक प्रांतात दाटलेली होती आणि कन्झर्व्हेटिव्हांची देशभर पातळ पसरलेली. ४३ टक्क्यांवरून १६ वर येणं ही मोठीच आपटी आहे, त्यात वाद नाही, पण दर सहा मतदारांतला जवळपास एक अजून सोबत होता, आणि फक्त “२ जागा” ऐकणाऱ्याला वाटतं की पक्षाला कोणी विचारतच नव्हतं.

आपल्याकडे २०१४ ला बसपाला ४ टक्क्यांच्या वर मतं होती, मतांच्या हिशोबात देशात तिसरा नंबर, आणि लोकसभेत शून्य.

पायरी २: गेलेली मतं कुठे गेली ते लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात. हरलेल्याची मतं जिंकलेल्याकडे गेली असं आपण धरूनच चालतो ना, ते तपासायचं.

ब्रिटन २०२४. कन्झर्व्हेटिव्ह पक्ष ३६५ वरून १२१ वर, लेबर ४०० च्या पार. बघणाऱ्याला वाटेल की लोक कन्झर्व्हेटिव्ह सोडून लेबरकडे धो धो गेले. आता वहीत मांडा. कन्झर्व्हेटिव्हांची मतं २०१९ ला साधारण १ कोटी ४० लाख, २०२४ ला ६८ लाख, म्हणजे ७० लाखांच्या वर घट. लेबरची २०१९ ला जवळपास १ कोटी ३ लाख, २०२४ ला ९७ लाख. नीट वाचा, लेबरची मतं *कमी* झाली आणि तरी जागा दुप्पट झाल्या. मग ती ७० लाख गेली कुठे? आणखी उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाला ४१ लाख मिळाली, २०१९ ला त्याच लोकांच्या ब्रेक्झिट पार्टीला साडेसहा लाखांच्या आतच होती, म्हणजे पस्तीसेक लाख तिकडे वाढली. डावीकडच्या ग्रीन पार्टीची दहा-अकरा लाखांनी वाढली. आणि एकूण मतदानच ३ कोटी २० लाखांवरून २ कोटी ८८ लाखांवर आलं, म्हणजे तीसेक लाख मतं कोणालाच पडली नाहीत.

आता हे निव्वळ आकडे आहेत हे विसरू नका, आत देवाणघेवाण बरीच असते, काही जण लेबरकडे आले असतील आणि तेवढ्यात लेबरचे काही दुसरीकडे निघून गेले असतील. पण एवढ्या हिशोबातूनही एक गोष्ट स्वच्छ दिसते, की एक माणूस रागावून घरी बसला, एक आणखी उजवीकडे गेला, एक डावीकडे गेला, आणि ह्या तिघांचं कारण एकच असणं शक्यच नाही. तुम्ही “महागाई” म्हणालात तर ती तिघांनाही होती, मग तिघं तीन वाटांनी का गेले?

म्हणून तीन रकाने करा: घरी बसले, जवळच्या पक्षाकडे गेले, थेट विरोधकाकडे गेले. घरी बसलेला बऱ्याचदा परत येतो. थेट समोरच्याकडे गेलेला परत आणणं महाकठीण.

पायरी ३: नियम आणि युती बाजूला काढा

कधीकधी मतदाराने विशेष काही केलेलंच नसतं, गणिताने मारलेलं असतं. तुर्कस्तानात २००२ ला संसदेत यायला देशभरात किमान १० टक्के मतांची अट होती. डीवायपी नावाच्या पक्षाला साडेनऊ टक्के पडले, जागा शून्य. पहिल्या आलेल्या एकेपी पक्षाला ३४ टक्क्यांवर ५५० पैकी ३६३. साधारण ४५ टक्के मतं वायाच गेली. मात्र त्याच निवडणुकीत पंतप्रधान एजेवित यांचा पक्ष २२ टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर आला, आधीच्या वर्षीच्या आर्थिक संकटाने लोक होरपळले होते, तिथे नियमाला दोष देता येत नाही, ते नाकारणंच. एकाच निकालात दोन पक्ष बाहेर, दोन वेगळी कारणं.

फूट पण बघायची. श्रीलंकेत २०२० ला यूएनपी ही जुनी पार्टी एका जागेवर आली. पण तिचेच लोक साजित प्रेमदासांबरोबर नव्या पक्षात गेले होते आणि त्या पक्षाला ५४ मिळाल्या. घराण्यात वाटणी झाली आणि जुनं घर ओस पडलं, असला प्रकार.

आणि २००४ ची लोकसभा. मी कित्येक वर्षं “इंडिया शायनिंग (भाजपची जाहिरात मोहीम) आपटलं” एवढंच म्हणायचो. मग आकडे बघितले तर काँग्रेसची मतं १९९९ च्या २८.३ टक्क्यांवरून २६.५ वर *घसरलेली*, आणि जागा ११४ वरून १४५. भाजपची घट जेमतेम दीड टक्का, जागा मात्र १८२ वरून १३८. काँग्रेसने मित्रांसाठी जागा सोडल्या होत्या त्यामुळे तिचा टक्का थोडा खाली येणारच, ते धरूनही हे लाट वगैरे दिसत नाही. तमिळनाडू बघितलं की उलगडतं, १९९९ ला द्रमुक भाजपबरोबर होता, २००४ ला काँग्रेसबरोबर, आणि तिथल्या ३९ च्या ३९ जागा त्या आघाडीला. जाहिरातीवर लोक चिडले असतीलही, पण निकालाचा मोठा वाटा कोण कोणाबरोबर बसलं ह्यात होता.

पायरी ४: नकाशावर ठेवून बघा

कारण खरं असेल तर ते जिथे जास्त टोचलं तिथे पडझड जास्त दिसली पाहिजे. साधी कसोटी आहे पण फार कामाची.

१९७७. काँग्रेस देशात १५४ वर. पण उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, आणि आंध्रात ४२ पैकी ४१! आणीबाणी तर देशभर होती. मग “आणीबाणीमुळे हरले” एवढं पुरत नाही, कारण आंध्रातही वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होताच. सक्तीची नसबंदी, त्यासाठीची धरपकड, ह्याचा जाच उत्तरेत जास्त होता, आणि तिथे समोर जनता पक्ष एकत्र उभा होता. म्हणजे कारण “आणीबाणी” न लिहिता “आणीबाणी जिथे घरात घुसली आणि जिथे समोर एकच पर्याय होता” असं लिहावं लागतं. लांबलचक आहे, पण बरोबर आहे.

बूथपर्यंत जायचं असेल तर आपल्याकडे फॉर्म २० मध्ये बूथवार मतं मिळतात. फक्त एक सांभाळा, एखाद्या भागात तरुण जास्त आणि तिथे पक्ष हरला म्हणून “तरुणांनी नाकारलं” असं होत नाही, कदाचित तिथल्या म्हाताऱ्यांनीच पाडलं असेल. आकडा भागाचा आहे, माणसाचा नाही.

पायरी ५: तारीख लावा

पक्ष कधी घसरला? प्रचारात घसरला असेल तर भाषणं, जाहिराती, उमेदवार वगैरे बघा. आधीच घसरला असेल तर प्रचाराचं पोस्टमॉर्टम करण्यात अर्थ नाही.

ब्रिटनचे लिबरल डेमोक्रॅट्स ह्याचं चांगलं उदाहरण. २०१० च्या आधी त्यांच्या उमेदवारांनी लेखी वचन दिलं की विद्यापीठाची फी वाढू देणार नाही. मग कन्झर्व्हेटिव्हांबरोबर सत्तेत भागीदार झाले आणि डिसेंबर २०१० ला त्यांच्याच २८ खासदारांनी फी वाढवायच्या बाजूने मत दिलं, वरची मर्यादा ९,००० पौंड झाली. २०१५ ला ५७ जागांच्या ८ झाल्या, २३ टक्क्यांचे ८ सुद्धा राहिले नाहीत. पण ओपिनियन पोलमध्ये ते २०१० संपता संपताच कोसळले होते, पुढची चार वर्षं तिथेच तळाशी. नुसत्या फीमुळे गेले असं मी म्हणणार नाही, ज्यांना कन्झर्व्हेटिव्ह नको होते त्यांनी ह्यांना मत दिलं आणि हे त्यांच्याच मांडीवर जाऊन बसले, हे जास्त लागलं असावं. पण २०१५ च्या प्रचाराला दोष देणारा माणूस चुकतोय हे तारखेवरून कळतंच.

पायरी ६: शेजारी डोकावा

ह्याला पाच मिनिटं पुरतात. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सरकार पडलं, दक्षिण आफ्रिकेत सत्ताधारी एएनसी पक्षाचं बहुमत १९९४ नंतर पहिल्यांदाच गेलं, जपानमध्ये सत्ताधारी आघाडीचं गेलं, आपल्याकडे भाजप ३०३ वरून २४० वर आला. एवढे सगळे एकाच वर्षी खाली येतात तेव्हा कोविडनंतरची महागाई हे समान कारण धरावंच लागतं, मग उरलेल्यातच आपल्या नेत्याचा वाटा मोजायचा. आणि लगेच अपवादही बघा, त्याच वर्षी मेक्सिकोत सत्ताधारी मोरेना पक्षाच्या क्लॉडिया शाइनबाउम दणक्यात जिंकल्या. त्यामुळे “महागाई होती, सरकार पडणारच” हेही चालणार नाही.

पायरी ७: आता माणसांना विचारा, पण “का” विचारू नका

“का नाही दिलं मत?” विचारलंत की माणूस कालच्या टीव्हीवर ऐकलेलं कारण तुम्हाला परत ऐकवतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा, मागच्या वेळी कोणाला दिलं होतं, कधी ठरवलं की ह्या वेळी नाही, आणि त्या सुमारास काय झालं होतं. तिसऱ्या प्रश्नावर लोक खरं बोलायला लागतात, कारण ते मत सांगत नसतात, गोष्ट सांगत असतात. सांगायचं नसेल तर सोडून द्या, मतदान गुप्त आहे. आणि निकालानंतर जिंकलेल्यालाच मत दिलं म्हणणारे बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त भेटतात, तेवढी वजावट मनात करा.

एवढं झालं की दोन-तीन वाक्यांत कारण लिहा, आणि खाली हेही लिहून ठेवा की आपलं कारण बरोबर असेल तर पुढच्या निवडणुकीत काय दिसायला हवं. १९७७ ला “काँग्रेस संपली” लिहिणाऱ्याला १९८० ला तीच काँग्रेस ३५३ वर बघावी लागली. ग्रीसचा पासोक पक्ष २००९ ला ४४ टक्क्यांच्या आसपास होता, कर्जाच्या संकटात मे २०१२ ला १३ वर आला, आणि तिथे “येतील परत” लिहिणाऱ्याने जानेवारी २०१५ ला पाच टक्क्यांच्या आतला आकडा वाचला.