वाशी शिकताना हौदाआधी सालीकडे

जपानी हातकागद, म्हणजेच वाशी, शिकू लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी लगदा मिसळलेल्या पाण्याच्या हौदातून कागद उचलायचा असतो. माझ्या मते मात्र शिक्षणाची सुरुवात झाडाच्या सालीपासूनच व्हावी, कारण तंतूच्या तयारीत राहिलेला दोष पुढे कितीही सराईत हाताला झाकता येत नाही.

युनेस्कोने २०१४ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवलेले सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी आणि होसोकावा-शी हे तिन्ही कागद केवळ कोझो या तुतीच्या कुळातील झाडापासून बनतात. नवशिक्यानेही कोझोच निवडावा. त्याची वाळवलेली पांढरी साल रात्रभर भिजवावी आणि स्टीलच्या भांड्यात, कोरड्या सालीच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून, दोन-तीन तास शिजवावी. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. शिजलेली साल बोटांनी हलकेच ओढताच तंतू सुटले पाहिजेत.

त्यानंतर ती भरपूर धुवून, पाण्यात धरून सालीचा प्रत्येक काळा कण हाताने वेचावा. या कामाला चिरितोरी म्हणतात. यात तासन्‌तास जातात, पण कागदाची स्वच्छता इथेच ठरते. मग साल लाकडी मोगरीने कुटावी. मिक्सरची पाती लांब तंतू तोडतात आणि वाशीचे बळ तर त्या लांबीतच असते. चिमूटभर लगदा बाटलीभर पाण्यात हलवल्यावर गुठळी न राहता पसरला, तर कुटणे पुरे झाले.

हौदात लगद्यासोबत नेरी मिसळतात. ही तोरोरो-आओई या भेंडीच्या जवळच्या वनस्पतीच्या मुळांचा चिकट रस असतो. पुष्कळांना ती खळ वाटते, परंतु तिचे काम तंतू पाण्यात तरंगत ठेवणे आणि पाण्याचा निचरा मंदावणे हे आहे. उष्णतेने तिचा चिकटपणा उतरतो, म्हणून सराव थंडीतच करावा.

बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसवलेली चौकट हौदात बुडवून पहिले पाणी झपाट्याने संपूर्ण चटईवरून वाहू द्यावे, पुढच्या पाण्याला लयीत हेलकावे द्यावेत आणि शेवटी उरलेले पाणी पलीकडच्या कडेवरून झटकून टाकावे. ओले कागद मध्ये कापड न घालता एकावर एक रचावेत, हळूहळू वाढत्या वजनाखाली दाबावेत आणि मग एकेक सोडवून ब्रशने लाकडी फळीवर चिकटवून वाळवावेत. थर असमान बसला, तर चटई हौदात पालथी करून तंतू पुन्हा पाण्यात सोडावेत आणि तोच कागद नव्याने उचलावा.