रानातला फड्या निवडुंग दारात लावायचाय? मग शिवरात्र ते पाडवा ही वेळ धरा

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते असं आपली जुनी माणसं सांगतात, आणि फड्या निवडुंग हलवायला तिथूनच वेळ चालू होते बघा. शिवरात्रीपासून पाडव्याच्या थोडं पुढं, म्हणजे मार्चअखेरपर्यंत. हवा कोरडी, जमीन तापायला लागलेली, आणि पाऊस पडायला अजून दोन-अडीच महिने, तेवढ्यात त्याला मुळं धरायला भरपूर वेळ मिळतो. बरेच जण काय करतात, बाकीची झाडं जशी पहिल्या पावसाला लावतात तसा निवडुंगपण जून-जुलैत लावतात. मीपण एका जुलैत वीस फडे, म्हणजे त्याचे चपटे पानासारखे तुकडे, काळ्या रानाच्या कडेला लावले होते, वर ड्रिपची नळीपण सोडली, आणि गौरी-गणपतीपर्यंत त्यातले चौदा बुडातनं कुजून आडवे झाले. जे सहा वाचले ते बांधाच्या मुरमाड टोकाला होते, जिथं नळीचं पाणीच पोचत नव्हतं. तेव्हापासून मी एकच सांगतो सगळ्यांना, निवडुंग उन्हानं मरत नाही, आपण घाई करून घातलेल्या पाण्यानं मरतो.

आता हे लिहितोय ते आपल्या माणदेश, जत, आटपाडी, सांगोला असल्या कमी पावसाच्या भागासाठी. आमच्याकडं घराच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला एखादा कोपरा असतोच, दिवसभर ऊन, खाली मुरूम, काहीपण लावलं तरी करपतं. त्या जागेला फड्या निवडुंग चांगला. उन्हाळ्यात पिवळी-केशरी फुलं येतात, नंतर लालबुंद बोंडं, आणि बुलबुल-सातभाई दिवसभर येऊन बसतात. पाण्याचा टँकर विकत घेणाऱ्या घरात असली बाग परवडते, गुलाबाची नाही परवडत.

पण आणायचा कुठनं हे आधी ठरवा. वनखात्याच्या हद्दीतनं काहीही उपटून आणायचं नाही, राखीव जंगलातनं परवानगीशिवाय झाड काढणं हा गुन्हा आहे. स्वतःचा बांध, भावकीचा बांध, किंवा ज्याचं रान आहे त्याला विचारून. फड्या निवडुंगाला तोटा नाही, शेजारी हसत देईल. आणि एक मनापासून विनंती, किल्ल्यांवर, कड्या-कपारीत जी मांसल खोडाची छोटी झाडं दिसतात त्यांना निवडुंगाचा प्रकार समजून हात लावू नका. जुन्नरजवळच्या शिवनेरीवरची शिंदळ माकुडी तसलीच आहे, ती निवडुंग नाही, रुईच्या कुळातली आहे, फक्त आपल्या सह्याद्रीत होते आणि तीपण थोड्याच ठिकाणी. असली वनस्पती दारात आणून जगवायचा प्रयत्न म्हणजे तिचं एक ठिकाण कमी करणं.

दुसरं म्हणजे नीट ओळखून घ्या. आपण काटेरी आणि मांसल दिसलं की सगळ्यालाच निवडुंग म्हणतो, पण कुंपणाचा शेर आणि तीनधारी हे वेगळ्या कुळातले, तोडले की पांढरा चीक येतो. फड्याला चीक नसतो, बुळबुळीत पाणी असतं. आणि फड्याच्या काट्यांचा झुबका एका बारीक लोकरीसारख्या गादीतनं निघतो, ती खऱ्या निवडुंगाची खूण. हा फरक का सांगतोय, तर शेराचा चीक डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होण्यापर्यंत वेळ येते. गेलाच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं. शेर किंवा तीनधारी लावायचा असेल तर चष्मा घालूनच तोडा, पोरं लांब ठेवा.

आणायला जाताना सकाळी जा, पायात गमबूट घाला, आणि निवडुंगाच्या जाळीला हात लावायच्या आधी लांब काठीनं बुडाशी चांगलं बडवा. दगड, पालापाचोळा आणि निवडुंगाची सावली ही फुरशाची आवडती जागा, आपल्या भागात फुरसं किती आहे हे सांगायला नको. होल्याचं घरटं असेल तर ती जाळी सोडून पुढच्या जाळीला जा.

सबंध झाड खणून आणायचा मोह होतो, मोठं झाड लगेच दिसेल म्हणून. नका करू. त्याची मुळं खोल नसतात पण वीतभर खोलीवर चारी बाजूला लांबवर पसरलेली असतात, खणताना निम्मी तुटतात, वरचं वजन पेलत नाही आणि झाड वाऱ्यानं कलंडतं. त्यापेक्षा फडे आणा. फडा म्हणजे ते चपटं पान, खरं बघितलं तर ते पान नाही, खोडच आहे, काटे म्हणजे त्याची पानं. एक-दोन वर्षांचा, तळहातापेक्षा मोठा, गच्च, गडद हिरवा फडा निवडा. टोकाचे कोवळे चकाकणारे फडे सुकून सुरकुततात आणि बुडाचे जुने लाकूड झालेले लवकर फुटत नाहीत. दोन फडे जोडलेला तुकडापण चालतो. तोडताना सांध्यावरच, धारदार चाकूनं, आणि चाकू आधी डेटॉलनं किंवा स्पिरिटनं पुसून. ओढून-पिळून तोडला की जखम फाटते, तिथनंच पुढं कुज लागते.

मोठे काटे दिसतात म्हणून आपण सांभाळतो, पण खरा त्रास त्या बारीक कुसळांचा. त्यांना उलट्या दिशेचे दाते असतात, एकदा कातडीत गेली की सहज निघत नाहीत. कापडी हातमोज्यात तर ती अडकूनच बसतात आणि पुढच्या वेळी तोच मोजा घातला की परत टोचतात. मी सांडशी वापरतो, किंवा गोणपाटाच्या दोन-तीन घड्या करून फडा धरतो आणि तो तुकडा नंतर जाळून टाकतो. कुसळं लागलीच तर आधी दिसतील ती चिमट्यानं काढा, मग त्या जागेवर फेव्हिकॉलचा थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि हळूच सोलून काढा, बरीचशी त्याच्याबरोबर येतात. डोळ्याला हात लावू नका तोवर.

आता महत्त्वाचं. आणलेला फडा त्याच दिवशी लावायचा नाही. सावलीत, वारा लागेल अशा कोरड्या जागी, पत्र्याच्या शेडखाली पोत्यावर पसरून दहा ते पंधरा दिवस ठेवायचा, एकावर एक ढीग करायचा नाही. कापलेली जागा पांढुरकी, कडक, खपली धरल्यासारखी झाली पाहिजे, नखानं दाबलं तर ओल लागता कामा नये. ड्रॅगन फ्रूट लावलेल्या दादांना हे नवीन नाही, तोपण निवडुंगाच्याच घरातला, त्याच्या काड्यापण आपण अशाच सुकवून लावतो. डाळिंबाला वापरतो ती मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट घरात असेल तर खपलीवर पातळ हात फिरवा, नसेल तर चुलीची चाळलेली राख चालते.

बायका विचारतात, पंधरा दिवस पाण्याविना मरणार नाही का. नाही मरत. फड्यात 85 ते 90 टक्के पाणीच असतं, वरनं मेणाचा थर. आणि ह्या झाडाची श्वास घ्यायची पद्धतच वेगळी, बाकीची झाडं दिवसा छिद्रं उघडतात, हा रात्री गारव्यात उघडतो, हवा आत घेऊन तिचं आम्ल करून साठवतो आणि दिवसा दारं लावून उन्हात तेच वापरतो. हरभऱ्याच्या आंबेत, म्हणजे पाल्यावरच्या आंबट दवात, जे आम्ल असतं त्यातलंच हे एक, म्हणून पहाटे तोडलेला फडा दुपारच्या फड्यापेक्षा जास्त आंबट लागतो. दिवसा पाणी उडू न देणारं झाड आहे हे, त्याला तहान लागली असेल ह्या काळजीनं आपण बादली ओततो आणि घात होतो.

जागा करताना मुरमाड जमीन असेल तर फार काही करू नका, फूटभर खणून मोकळी करा आणि दगड तसेच राहू द्या. काळी जमीन असेल तर मात्र खड्डा करून मुरूम भरायच्या भानगडीत पडू नका, पावसाळ्यात चारी बाजूचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि विहीर होते त्याची. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच वरंबा किंवा दगडाचा ओटा करा, त्यात दोन घमेली मुरूम, एक घमेलं जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि एक घमेलं माती असं मिसळून भरा. शेणखत घालायचंच तर ओंजळभर, तेपण दोन वर्षांचं पूर्ण कुजलेलं. युरिया अजिबात नको, फडे लुसलुशीत फुगतात आणि रोगाला बळी पडतात. पत्र्याची पन्हाळ जिथं पडते तिथं लावू नका, आणि अंगणातल्या जायच्या-यायच्या वाटेपासून चार फूट तरी लांब, पोरं खेळताना धडपडतात.

फडा उभा लावायचा, खपलीची बाजू खाली, तिसरा हिस्सा ते निम्मा जमिनीत. त्याची सपाट तोंडं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन अंगावर आणि दुपारचं डोक्यावरचं ऊन फक्त कडेवर पडतं. एप्रिलमध्ये 40-42 डिग्रीला हा फरक दिसतो, चुकीच्या तोंडानं लावलेल्यावर पिवळे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. जाळीच्या आतल्या, सावलीतल्या फड्याला तर पहिले तीन आठवडे दुपारी जुन्या साडीची किंवा शेडनेटची सावली करा. दोन फड्यांत तीन फूट सोडा. आता मोकळं वाटेल, पण चार-पाच वर्षांत जाळी होते. हलत असेल तर दोन्ही बाजूला दगड टेकवा.

आणि पाणी नाही. लावल्यावर दहा-बारा दिवस थेंब नाही. नंतर एक तांब्या, बुडापासून वीतभर लांब. मग पंधरा दिवसांनी परत एक तांब्या, असं वळीव पडेपर्यंत. महिना-दीड महिन्यानं सांडशीनं हलकं हलवून बघा, जमीन धरल्यासारखा वाटला तर मुळं फुटली. थोडा सुरकुतला तरी घाबरू नका, मुळं चालू झाली की परत भरतो. पण बुडाशी तपकिरी, मऊ आणि वास येत असेल तर लगेच उपटा, स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत कापा, परत पंधरा दिवस सुकवा आणि नवीन जागी लावा. वाचतो.

पावसाळ्याआधी एकदा बुडाभोवती बारीक खडीचा दोन बोटं थर द्या, चिखल अंगावर उडत नाही. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर एक चिरडून बघा, बोटाला गडद लाल रंग लागला तर तो कोचिनियल किडा. ह्याची गोष्ट मोठी आहे. आपल्याकडं रानटी वाटणारा हा निवडुंग मुळातला अमेरिकेतला, इथं बाहेरनं आलेला, आणि 1795 मध्ये लाल रंग तयार करायला म्हणून इंग्रजांनी ह्या किड्याची एक जात भारतात आणली, रंग काही जमला नाही पण उत्तर आणि मध्य भारतातला एका जातीचा निवडुंग त्या किड्यानं जवळजवळ संपवला. नंतर 1926 ला श्रीलंकेतनं दुसरी जात दक्षिणेत मुद्दाम सोडली, निवडुंग आवरण्यासाठीच. त्यामुळं दारातल्या झाडावर हा दिसला तर पाण्याची जोराची धार आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश पुरतो, फार लागलेला फडा कापून जाळा.

ऑस्ट्रेलियात तर हाच निवडुंग पसरत पसरत साधारण 6 कोटी एकरांवर गेला होता, अर्जेंटिनातनं आणलेल्या पतंगाच्या अळीनं तो 1926 नंतरच्या काही वर्षांत आटोक्यात आणला. म्हणून ओढ्याच्या काठाला, गायरानाच्या कडेला हा लावू नका, पुरात एक फडा वाहून गेला की खाली जिथं अडकेल तिथं रुजतो. छाटणीचे तुकडे उकिरड्यावर टाकायचे नाहीत, शेणखताबरोबर ते सगळ्या रानात जातात. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर किंवा उघड्या कातळावर पसरून पूर्ण वाळून कडकडीत होईपर्यंत ठेवा, मग जाळा, आणि पावसाळ्यात छाटावं लागलंच तर दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबून टाका.