शिस्त समिती तुमच्या गळ्यात पडलीच तर

इंदूरमध्ये कॉलनी-कॉलनीचे संघ जमवून रविवारची फुटबॉल स्पर्धा चालवायची म्हटली, की जाळी, चुना, रेफरीचं मानधन यांची सोय कोणीतरी करतंच. शिस्तीचं काम मात्र सगळे टाळतात आणि ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात मारतात. आमच्याकडे ते माझ्या गळ्यात आहे. माझं सांगणं एवढंच: मैदानावर फक्त नोंद करा. शिक्षा दोन दिवसांनी, डोकी थंड झाल्यावर, बसून ठरवा.

सुरुवात खेळाडूंच्या यादीपासून. इथे सगळेच एकमेकांचे ‘भिया’, म्हणजे भाऊ, आणि यादीत नावं येतात छोटू, गोलू अशी. एका संघात दोन गोलू निघाले तर कार्ड कोणाच्या नावावर चढवणार? पूर्ण नाव, जर्सीचा नंबर, फोटो हे तिन्ही घ्या. बिननंबरी जर्सीत आलेल्याला उतरू देऊ नका.

कार्ड कशाला द्यायचं हे तुम्ही ठरवत नाही. ते खेळाच्या नियमांतल्या १२व्या कलमात आहे. मारहाण, थुंकणं, चावणं, शिवीगाळ याला थेट लाल. हुज्जत, वेळकाढूपणा याला पिवळं. तुम्ही ठरवायचं ते कार्डानंतरचं, आणि तेही स्पर्धेआधी, छापून, प्रत्येक कप्तानाच्या सहीनिशी. आमचा तक्ता असा आहे: एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं तर १ सामना बाहेर, शिवीगाळीला २, मारहाणीला ३ पासून पुढे. वेगवेगळ्या सामन्यांत मिळून ३ पिवळी झाली तरी १ सामना.

शिक्षा सामन्यांत मोजा, आठवड्यांत नाही. माळव्याच्या काळ्या मातीवर एक दणकून सर आली की पुढचा रविवार गेलाच म्हणून समजा. असे दोन रविवार वाया गेले की ‘पंधरा दिवसांची बंदी’ संपते आणि पठ्ठ्याचा एकही सामना बुडालेला नसतो. त्याच्या संघाने मुद्दाम वॉकओव्हर दिला, तर तोही शिक्षेत धरू नका. पैशांचा दंड मला मुळीच पसंत नाही. ऐपतवाल्याचा मुलगा पाचशेची नोट टेकवून पुढच्या रविवारी हजर होतो, गॅरेजात राबणारा घरी बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, रेफरीचा अहवाल. त्याच संध्याकाळी मागून घ्या. ‘खेळाडूने गैरवर्तन केले’ या वाक्यावर कोणालाही शिक्षा देता येत नाही. असं हवं: ‘५३वं मिनिट, मध्यरेषेजवळ. चेंडू बाहेर गेला होता. निळ्या ७ नंबरने पांढऱ्या ११ नंबरला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. तो पडला. मी दहा पावलांवर होतो.’ शिवी दिली असेल तर जशीच्या तशी लिहायला सांगा, हिंदी, माळवी, मराठी, जी असेल ती. समितीत मी एकटी बाई म्हणून संकोचून टिंबं टाकणारे रेफरी असतात. त्यांना मी कागद परत करते. टिंबांना किती सामन्यांची बंदी घालायची?

समितीत तिघं पुरेत, पण त्यात त्या सामन्यातल्या दोन्ही संघांपैकी कोणाचाही माणूस नको. खेळाडूला अहवाल आधी वाचायला द्या, मग त्याचं ऐका. अठराच्या आतला असेल तर घरचं मोठं माणूस सोबत हवंच. गोल होता की नव्हता हे उकरू देऊ नका. खेळातल्या घटनेवर रेफरीचा शब्द शेवटचा. तुम्ही पाहायचं ते माणूस तोच होता का आणि शिक्षा किती. कोणी मोबाइलवरची क्लिप आणली, तर ती कुठून सुरू होते ते आधी बघा. बहुतेकदा पहिला धक्का कापलेला आणि दुसरा ठळक असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षरही बोलू नका.

रेफरीवर हात उचलला गेला, तर तक्ता बाजूला ठेवा. त्या खेळाडूला लगेच थांबवा आणि जिल्हा संघटनेशी संलग्न असाल तर अहवाल तिकडे पाठवा. इजा झाली असेल तर पोलिसांत जायचं की नाही हे रेफरी ठरवेल. ‘आपसात मिटवा’ म्हणून त्याच्यावर दबाव आणू नका.

तोंडाळ खेळाडूंसाठी मात्र माझा सगळा भरवसा ‘सिन बिन’वर. हौशी फुटबॉलमध्ये २०१७ पासून त्याला परवानगी आहे: पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडूला सामन्याच्या १० ते १५ टक्के वेळ बाहेर काढायचं. ६० मिनिटांच्या सामन्यात आम्ही ७ मिनिटं ठेवली आहेत, फक्त हुज्जतीसाठी. तेवढा वेळ दहा जण धावतात आणि मग त्याला समजवायचं काम त्याचेच दोस्त करतात, तेही माझ्यापेक्षा कडक भाषेत.

बंदीची यादी शुक्रवारी रात्री दोन्ही कप्तानांना आणि रेफरीला पाठवा, पूर्ण नाव आणि नंबरासकट. यादीतल्या माणसाने सामना खुशाल बघावा, पण दोरीपलीकडून. संघाच्या बाकावर नाही, पाणी द्यायच्या निमित्तानेसुद्धा नाही.